चादरीच्या कोपऱ्यातली लाल फुली

वर्षभर वहिनी जागेपणी एकच स्वप्न बघत होत्या. बाहेर झोंबरा वारा सुटलाय, गावातल्या प्रत्येक लॉजवर 'जागा नाही'ची पाटी लागलीय, आणि ती पोरगी गारठून काउंटरसमोर उभी आहे. "एखादी खोली मिळेल का हो?" असं विचारते. वहिनी चष्मा लावतात, भिंतीवरच्या किल्ल्यांच्या फळीकडे सावकाश बघतात. फळीवर किल्ल्याच किल्ल्या लटकताहेत. पोरीलाही त्या दिसताहेत. आणि मग वहिनी म्हणतात, "नाही."

एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. बटाटे सोलताना, जिना पुसताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना त्या हा 'नाही' तोंडात घोळवून बघत. कधी हळू, कधी ठसक्यात, कधी हसून. हसून म्हटलेला त्यांना सगळ्यात जास्त आवडे.

त्या पोरीचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं. फोनवर ती स्वतःला 'भटकी' म्हणवून घेई. गावोगाव हिंडायचं, व्हिडिओ काढायचे आणि लोकांना सांगायचं, इथे जा, तिथे जाऊ नका. लोकही असे, की ती बोट दाखवेल तिकडे चालू लागत.

आता या गावात बघण्यासारखं होतं तरी काय? बंद पडलेला मिठाचा कारखाना आणि त्याच्या मागचं मिठाचं तळं. पाऊस सरला की त्याचं पाणी गुलाबी होई आणि नासलेल्या अंड्यासारखा वास सुटे. गावातली माणसं तिकडून जाताना नाकाला रुमाल लावत आणि पावलं उचलत. भटकीने तिथे सकाळच्या उन्हात पांढरा झगा घालून दोन्ही हात पसरले, आणि महिन्याभरात बसस्टँडवर पाय ठेवायला जागा उरली नाही. वास काही फोनमधून जात नाही. आलेले लोक आधी नाक धरत, फोटोपुरतं सोडून गोड हसत, आणि लगेच परत धरत.

त्याच मुक्कामात तिने वहिनींचा लॉज बुडवला.

वहिनींचा लॉज बसस्टँडच्या समोर. नवरा गेल्यापासून त्या आणि त्यांचा धाकटा दीर, दोघंच तो चालवत. गाव त्यांना वहिनी म्हणे आणि दिराला भाऊजी, कारण ती दोघं एकमेकांना तशीच हाका मारत. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती, तिच्या खिडकीतून तळं दिसे. भटकी आली तेव्हा त्या खोलीत साबणाचा एक फिरता विक्रेता तापाने फणफणत पडला होता. भटकी म्हणाली, त्याला दुसरीकडे हलवा, मला सकाळचं ऊन हवंय.

"ऊन उद्याही त्याच खिडकीतून येणार आहे," वहिनी म्हणाल्या. "नाही आलं तर माझ्याकडे तक्रार कर."

जेवणाच्या खोलीत बसलेले दोघंतिघं खो खो हसले. भटकीही हसली. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा ताप उतरला आणि तो गेला. वहिनींनी खोली धुऊन काढली, चादर बदलली, किल्ली तिच्या हातात दिली. आणि ती गेल्यावर आठवड्याने व्हिडिओ आला. आधी तळं, मग झगा, मग ही खोली. चादरीचा कोपरा धूसर दिसत होता आणि त्यावर काहीतरी लाल. भटकी कुजबुजत सांगत होती, "हे रक्त आहे, मित्रांनो. कुणाचं ते मला विचारू नका. तळं जरूर बघा, पण बसस्टँडसमोरच्या या लॉजवर चुकूनही जाऊ नका."

ते रक्त नव्हतं. लाल दोऱ्याची फुली होती. पूर्वी गावात एकच लाँड्री होती. सगळ्या लॉजच्या चादरी तिथे एकाच हौदात पडत, म्हणून जो तो आपापली खूण घालून ठेवी. वहिनींच्या सासूबाईंची खूण म्हणजे उजव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली. लाँड्री कधीच बंद झाली, गच्चीवर मशीन आलं, तरी वहिनी नवी चादर आणली की आधी फुली घालत आणि मगच ती पलंगावर जाई. बिनफुलीची चादर त्यांना परक्याच्या घरातली वाटे.

हे सांगणार कुणाला? भाऊजींनी त्या व्हिडिओखाली लिहून बघितलं. खाली लोकांनी लिहिलं, 'आले बघा खाटीक.' शेजारचा लॉजवाला समजूत घालायला आला.

"वहिनी, आता झालं ते झालं. त्या मुलीमुळे गावाची चूल पेटलीय. तुम्ही तिला नावं ठेवायची, ती रुसायची, आणि आम्ही सगळ्यांनी परत माश्या मारायच्या, असं नको."

"आणि मी काय करतेय सध्या?"

"तुमचं म्हणजे..." असं म्हणून तो डोकं खाजवत उभा राहिला. त्याचा लॉज तुडुंब भरला होता. त्याने गच्चीवरसुद्धा खाटा टाकल्या होत्या.

हंगाम संपला की लॉज त्यालाच विकायचा, असं भाऊजींच्या मनाने घेतलं होतं. शेजारी तयारही होता. "इमारत घेतो," तो म्हणाला होता, "पण चादरी नकोत हो. त्या तेवढ्या जाळून टाका." त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. लॉज गेला तर गेला, पण 'रक्ताच्या चादरीवाली बाई' म्हणून आपण या गावात मरणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

अशात एका दुपारी बसमधून एक म्हातारी उतरली. अंगात जाड कोट, हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात फोन. रस्ता ओलांडून ती सरळ आत आली.

"कोपऱ्यातली खोली रिकामी आहे का?"

भाऊजी काउंटरवर डुलक्या काढत होते. ते दचकून उठले. "मावशी, कोपऱ्यातली, मधली, जिन्याजवळची, सगळ्या रिकाम्या आहेत. तुम्ही म्हणाल तर आम्हीपण बाहेर झोपतो."

म्हातारी हसली. "इथे रिकामी मिळणार हे मला माहीत होतं. बाकी कुठे जाईन तिथे रांगा. ज्या जागेला चांगलं म्हटलंय तिथे उभं राहायला मिळत नाही. वाईट म्हटलेली ही एकच जागा आहे, म्हटलं इथे तरी शांतपणे बसता येईल."

वहिनी आतून ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या. म्हातारीला घेऊन वर गेल्या, खिडकी उघडून दिली. म्हातारीने पिशवी खाली ठेवली, फोन समोर धरला, एक पाऊल मागे गेली, मग थोडी डावीकडे. फोनमध्ये भटकी याच खिडकीपाशी उभी राहून केस मागे टाकत होती. म्हातारी फोनकडे बघे, खिडकीकडे बघे, आणि बरोबर त्या जागी येऊन उभी राहिली. चौकटीवर हात ठेवला, जिथे व्हिडिओत हात होता तिथेच.

"तुम्हीपण तिच्या नादी लागलात वाटतं?" वहिनी म्हणाल्या. आवाजातलं विष त्यांनी झाकलं नाही.

"लेक आहे माझी," म्हातारी म्हणाली. "घरी येत नाही. फोन उचलत नाही. मग ती जाते तिथे मी मागून जाते. ती उभी राहिली तिथे जरा वेळ उभी राहते. तेवढीच भेट."

वहिनी तशाच वळल्या. खाली आल्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"भाऊजी, वर कोण आलंय माहितेय? त्या भवानीची आई."

भाऊजींच्या हातातला कांदा हातातच राहिला. "देवा. मग आता? चहात मीठ घालू? मिठाला काय तोटा आहे आपल्याकडे."

"विनोद पुरे."

"बरं, पंपाच्या वरची खोली देऊ. घरघर ऐकत बसेल."

"तिला काय करायचंय? ती काय, पिकलं पान." वहिनींनी तव्यावर पाव टाकला आणि उगीचच दाबून धरला. "पण देवाने दोरी हातात दिलीय, भाऊजी. दुसरं टोक कुणाच्या गळ्यात आहे ते मला ठाऊक आहे. ओढायची कशी तेवढं कळत नाहीये."

"तुमचा हा सूर ऐकला की मला दादाची आठवण येते," भाऊजी म्हणाले. "तो असल्या वेळी बाजारात निघून जायचा."

चहापाणी झाल्यावर वहिनी धुतलेली चादर घेऊन वर गेल्या. पलंगावर पसरली, कडा खोचल्या. उजवा कोपरा त्यांनी मुद्दाम म्हातारीच्या बाजूला, अगदी वर ठेवला. बघ, म्हणावं. बघ तुझ्या लेकीचं रक्त.

म्हातारीने बघितलं. खाली वाकली. बोटाने फुली चाचपली, नखाने टाका किंचित उचलला. आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की वहिनी थबकल्या.

"हे?" म्हातारी म्हणाली. "व्हिडिओत होतं ते हे?"

"हेच. दोरा आहे. चादरी बदलू नयेत म्हणून आमच्या सासूबाई..."

"मला नका सांगू," म्हातारी मध्येच म्हणाली. ती पलंगावर बसली. पिशवीतून बटवा काढला, बटव्यातून घडी घातलेला एक लहान पांढरा रुमाल. धुऊन धुऊन त्याचं सूत पातळ झालं होतं. त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली होती.

"शाळेच्या वसतिगृहात होती ती," म्हातारी म्हणाली. "सगळ्या मुलींचे कपडे एकत्र धुवायचे. प्रत्येकीला खूण असे. हिची लाल फुली. पहिली काही वर्षं मी घालून दिली, मग तिचीच ती घालायला शिकली. हा रुमाल तिने घातलेला आहे. टाका बघा किती सरळ आहे."

बसस्टँडवरचा भोंगा वाजला, थांबला.

वर्षभर वहिनींची समजूत होती की पोरगी उथळ आहे, लाल दिसलं की रक्त म्हणाली. मूर्खपणाचा राग वेगळा असतो, तो कधीतरी विझतो. पण तिला ठाऊक होतं. कोपरा बघताक्षणी तिला ठाऊक होतं की हे काय आहे. आपल्याच हाताची खूण ओळखून ती तोंड वर करून रक्त म्हणाली. एका वाक्यासाठी, दोनतीन जण हसले त्यासाठी.

म्हातारीही तेच समजली होती. ती रुमालाची घडी घालत होती आणि घडी नीट बसत नव्हती.

"मला वाटायचं, एखादी चादर खराब निघाली असेल," ती पुटपुटली. "कुणाकडेही निघते."

वहिनींनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. "तिला बोलवा."

"माझा फोन ती घेत नाही."

"फोन करू नका. फोटो पाठवा. या पलंगावर बसलेल्या, चादर दिसेल असा. मी काढते."

काही न कळण्याइतकी म्हातारी भोळी नव्हती. "तुम्ही तिला बोलाल."

"बोलेन."

"खूप बोलाल?"

"वर्षभर साठवलंय."

म्हातारीने केसांवरून हात फिरवला आणि कोटाची गुंडी लावली. "बोला. पण येऊ दे."

वहिनींनी फोटो काढला. तो पाठवला आणि पापणी लवते न लवते तोच उत्तर आलं. 'आई तू तिथे काय करतेस? कुणाशी बोलू नकोस. मी उद्या येते.'

"येते म्हणाली!" म्हातारी उठून उभी राहिली. तिचे गाल लहान मुलीसारखे तांबडे झाले. "बघा, येते म्हणाली!"

वहिनींनी ते गाल बघितले आणि चादरीची सुरकुती सारखी करून खाली निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना भटकी आली. एकटी नाही. बसस्टँडवर तिला लोकांनी ओळखलं होतं, आणि तळं बघायला आलेला एक घोळकाच्या घोळका फोन वर करून तिच्यामागून रस्ता ओलांडत होता. घोळक्याच्या मागून शेजारचा लॉजवालाही आला. भटकीने गळ्यातला रुमाल नाकावर ओढून घेतला होता. तळ्याचा वास त्या दिवशी जोरात होता. बाहेर वारा सुटला होता.

"काकू, आई कुठाय? मी तिला घेऊन जायला आलेय."

"कशाने नेणार?" भाऊजी म्हणाले. "परतीच्या बस उद्यापर्यंत भरल्यात. सगळे तुमचं तळं बघून निघालेत ना."

भटकीने शेजाऱ्याकडे बघितलं. त्याने कान पकडले. "ताई, माझ्या गच्चीत पण जागा नाही. तुमचीच कृपा."

भटकी वहिनींकडे वळली. नाकावरचा रुमाल खाली घेतला. "एखादी खोली मिळेल का?"

झालं. वर्षभर घोळवलेला शब्द वहिनींच्या जिभेवर येऊन बसला. किल्ल्या मागे लटकत होत्या. पोरगी गारठली होती. सगळं स्वप्नातल्यासारखंच होतं, वारासुद्धा. पण आता वहिनींना तो शब्द फार लहान वाटला. त्यांनी तो गिळला.

"मिळेल," त्या म्हणाल्या. "आधी या सगळ्यांना सांग, माझ्या चादरीवर काय होतं ते."

भटकी काउंटरवर वाकली. आवाज खाली आणला. "काकू, तो व्हिडिओ मी काढून टाकते. आत्ता. तुमच्यासमोर."

"काढायचा नाही. सांगायचं."

"मी खोटं बोलले असं मी सांगितलं, तर उद्यापासून मला कोण विचारेल? माझं पोट आहे त्याच्यावर."

"माझं कशावर होतं?"

भटकी सरळ उभी राहिली. क्षणभर तिने वहिनींकडे नीट निरखून बघितलं, जणू आता कुठे तिला त्या दिसल्या. मग ती हसली, फोन हातभर लांब धरला आणि तिचा आवाजच बदलला. मधाचं बोट लावल्यासारखा झाला.

"मित्रांनो, लाइव्ह आलेय! ओळखा बघू कुठे? हो, तोच लॉज! मी म्हटलं, एक संधी द्यायलाच हवी. आणि काय सांगू, या काकूंनी माझं मनावर घेतलं. सगळ्या चादरी बदलल्या! आता एकदम स्वच्छ. चूक कुणाकडून होत नाही? मी तर त्यांना माफ केलंय. तुम्हीपण करा, आणि तळ्यावर आलात की इथेच उतरा!"

घोळक्याने टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत काउंटरवरचा फोन वाजला. भाऊजींनी उचलला, ठेवला, तोवर पुन्हा वाजला. दारातल्याच दोघीजणी पुढे आल्या, "तीच खोली मिळेल का, व्हिडिओतली?" भाऊजी एका हाताने किल्ल्या काढत होते, दुसऱ्याने डोळे पुसत होते.

"वहिनी, नशीब उघडलं!" शेजारी ओरडला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. इमारत गेली होती त्याच्या हातून.

भटकी जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. फोन समोर उभा करून ठेवला, लोकांचे प्रश्न वाचू लागली. मध्येच फोनवर हात झाकून ती वहिनींना म्हणाली, "झालं ना काकू? फिटलं आता."

वहिनींना वाटलं, आपल्याला कुणी भर चौकात धुऊन काढलं आणि वर पुसायला पंचा दिला. माफ केलं! कुणी, कुणाला? त्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. लॉज वाचला होता, किल्ल्या संपत आल्या होत्या, भाऊजी इतक्या दिवसांनी माणसासारखे दिसत होते. गप्प बसलं की सगळं सुरळीत. आणि मरेपर्यंत त्या राहणार होत्या घाण चादरीवाल्या, पण सुधारलेल्या.

त्या जिना चढून वर गेल्या.

म्हातारी खोलीच्या दारातच उभी होती. कोट घातलेला, पिशवी भरलेली. "तिचा आवाज ऐकला मी. वर येतेय का?"

"तुम्ही खाली चला," वहिनी म्हणाल्या. "रुमाल घेऊन."

म्हातारीचा हात पिशवीवर गेला आणि तिथेच थांबला. "मला नका ना नेऊ. सगळ्यांसमोर नको. मी तिला एकटीला सांगते, ती ऐकेल."

"ती तुमचा फोनसुद्धा ऐकत नाही."

हे बोलायला नको होतं. वहिनींना ते तोंडातून निघता निघता कळलं, आणि तरी त्यांनी ते पूर्ण केलं. मग हात पुढे केला. "तुम्ही नका येऊ. रुमाल द्या. मी दाखवते."

म्हातारीने पिशवी छातीशी धरली. खालून भटकीचं हसू आलं, मोठं, मोकळं. म्हातारीने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"माझ्या लेकीचा रुमाल दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "मीच धरीन."

कठड्याला धरून ती हळूहळू उतरली. वहिनी मागे होत्या, खांद्यावर चादर टाकलेली. भटकीने आईला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "मित्रांनो, आणि ही माझी आई!"

म्हातारी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. वहिनींनी चादरीचा कोपरा टेबलावर पसरला. त्याच्या शेजारी म्हातारीने रुमाल ठेवला, तळहाताने सपाट केला. दोन लाल फुल्या. घोळका पुढे सरकला, सगळे फोन खाली वळले.

"चादर बदललेली नाही," वहिनी म्हणाल्या. "हीच होती. हिच्या बिछान्यावर हीच होती."

"बाळ," म्हातारी म्हणाली, "हे काय आहे?"

"आई, आत्ता नको."

"वसतिगृहात तू घालायचीस. सगळ्या मुलींत तुझा टाका सरळ. बाई म्हणायच्या. काय आहे सांग ना."

भटकीने फोनकडे हात नेला. पण तो तिचा एकच फोन होता, आणि बाकीचे सगळे चालूच होते. ती एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. कुणी डोळे वळवले नाहीत. त्यांना हे तळ्यापेक्षा आवडलं होतं. शेवटी तिने आईकडे बघितलं.

"दोरा," ती म्हणाली.

"मोठ्याने," वहिनी म्हणाल्या.

"दोरा आहे! दोरा! मला माहीत होतं!" ती किंचाळली. फोन उचलून तिने खिशात कोंबला आणि घोळक्यातून वाट काढत दाराकडे धावली. घोळका वळला आणि फोन वर करून तिच्यामागे गेला, जसा आला होता तसाच.

"बाळ, बाहेर गार आहे," म्हातारी मागून म्हणाली. "काहीतरी घाल अंगात."

ते कुणी ऐकलं नाही. शेजारी एकदा खाकरला आणि पाय न वाजवता निघून गेला. काउंटरवरचा फोन वाजतच होता.

पुढे लॉज भरला आणि भरलेलाच राहिला. लोक आता तळं बघून झालं की फुली बघायला येत. तिचे फोटो काढत, बोट लावून बघत, काही जण विकत मागत. वहिनी ठामपणे नाही म्हणत. तो शब्द आता रोजच वापरायला मिळत होता. भाऊजी म्हणत, "वहिनी, तुम्ही नाही म्हणता तेव्हा किती तरुण दिसता."

म्हातारी परत गेली नाही. जाऊन कुठे जाणार होती? लेकीने तिला फोनवरून तोडून टाकलं होतं. म्हातारीच्या फोनवर तिचे व्हिडिओ दिसत नव्हते. भटकी आता कुठे आहे, कुठल्या खिडकीशी उभी आहे, काही कळायला मार्ग नव्हता, म्हणून मागून जायलाही जागा उरली नव्हती. सकाळी भाऊजी तिला आपल्या फोनवर दाखवत. भटकीचे चाहते ओसरले होते, पण ती हिंडत होती; गावाचं नाव मात्र आता सांगत नसे. कधी एखादा पूल, कधी कुठला तरी बाजार. म्हातारी फोन डोळ्यांजवळ धरून बघे, "वाळली," म्हणे, आणि परत देई. त्या वेळी वहिनी उठून गच्चीवर जात. जे हवं होतं ते त्यांना मिळालं होतं. पश्चात्ताप त्यांना झाला नाही. तो व्हायला हवा होता, एवढं मात्र त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच त्या उठून जात.

एका संध्याकाळी दोघी नव्या चादरींवर फुल्या घालत बसल्या होत्या. म्हातारीचा टाका वहिनींपेक्षा चांगला होता.

"वहिनी," म्हातारी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "कधी ती आलीच ना, रात्रीबेरात्री, एकटी... तर तिला खोली द्याल?"

वहिनींच्या मागे फळीवर एकच किल्ली उरली होती. कोपऱ्यातल्या खोलीच्या शेजारची. त्यांनी टाका घट्ट ओढला, दोरा दातांनी तोडला, चादर झटकली आणि कोपरा उजेडात धरून बघितला.

म्हातारी उत्तराची वाट बघत होती.

"पुढची चादर द्या," वहिनी म्हणाल्या.